एकच डाँगल

पहिला लॅपटॉप सकाळी साडेनऊला निमूटपणे भरून झाला आणि पावणेदहाला दुसऱ्याने, त्याच खोक्यातून निघालेल्या त्याच्या सख्ख्या भावाने, सरळ नाही म्हटलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या तीन ओळी उमटल्या. पहिल्या दोन रोजच्या होत्या. तिसरी यायला नको होती, आणि ती वाचून होण्याआधीच पडदा पुसला गेला. मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. माझ्या कामात असं होतंच, वीस वर्षांत मी याहून हट्टी यंत्रं पाहिली आहेत. पण त्या दिवशी मला ते लागलं. आपण हसतमुखाने कुणाच्या दारात जावं आणि त्याने साखळीही न काढता फटीतून बघून दार लावून घ्यावं, तसं वाटलं. मी खुर्ची मागे सरकवली आणि उगाच खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीवर एक माणूस दोराला लटकून काचा पुसत होता.

आमची कंपनी लिफ्ट तपासते. शहरभर हिंडून दोर, दारं, ब्रेक बघणारे बारा तपासनीस आहेत, आणि आमच्या इमारतीत ते सगळे जिन्याने येतात, याचा अर्थ ज्याने त्याने काढावा. त्या बारा जणांना दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नवे लॅपटॉप द्यायचे होते. नव्या लॅपटॉपमध्ये बनवणाऱ्याने आपलं काहीबाही भरून पाठवलेलं असतं. ते सगळं पुसायचं आणि आमच्या लोकांना लागतं तेवढं, बाराच्या बारांमध्ये एकसारखं, भरायचं हे माझं काम. पूर्वी एकेका यंत्रापाशी सीडीच्या चकत्या घेऊन बसावं लागे. आता लॅपटॉप सुरू करतानाच त्याला सांगायचं की स्वतःच्या पोटात बघू नकोस, वायरीतून मागव. मग तो वायरीत हाक मारतो, त्याला आधी एक तात्पुरता पत्ता मिळतो, मग तळमजल्यावरचा सर्व्हर त्याची चौकशी करतो आणि सगळं पाठवून देतो. चाळीस मिनिटांत काम फत्ते. हे नवे लॅपटॉप मात्र इतके चपटे होते की वायर खोचायला त्यांना भोकच नव्हतं. त्यासाठी मध्ये एक बोटभर लांबीचं डाँगल लावावं लागतं. स्टोअरकीपरने बारा लॅपटॉपना मिळून एकच डाँगल आणलं होतं. मी विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले होते, एका वेळी एकच भरता ना, मग बारा कशाला? माझा नवराही अगदी असाच हिशेबी आहे.

नवरा शाळेत गणित शिकवतो. त्या सकाळी त्याने चहा पिता पिता मोबाईल माझ्याकडे वळवला होता. लेकीचा निरोप होता. 'शनिवारी टेम्पो घेऊन येते. माझं सगळं घेऊन जाते. किल्ली टेबलावर ठेवीन.' लेक म्हणजे त्याची लेक, पहिल्या बायकोची. ती तिकडे दुसऱ्या गावात शिकते, एकवीस वर्षांची आहे, आणि बापापेक्षा उंच झाली तरी घरात तिला अजून बुटकी म्हणतात. घरात म्हणजे तिचा बाप म्हणतो. मी तिला काहीच म्हणत नाही, कारण तिच्याशी बोलायची वेळच येत नाही. आमचं लग्न होऊन अकरा महिने झाले. तिची आई जाऊन तीन वर्षं. लग्नाच्या दिवशी नोंदणी कचेरीत ती दोन तास आली होती, माझ्याशी सभ्यपणे बोलली, माझ्या बॅगेचा पट्टा तुटला तर स्वतःच्या केसातली पिन काढून तिने तो जोडून दिला. मला वाटलं होतं, जमेल. आणि आता किल्ली टेबलावर. नवरा म्हणाला, तू एकदा बोलून बघ ना. जणू काही मी तोंडाला कुलूप लावून बसले होते. बसथांब्यावर उभं राहून मी तिला फोन लावला. घंटा पूर्ण वाजली आणि थांबली. दहा महिने दर रविवारी अकराला मी तिला फोन करते आणि दहा महिने दर रविवारी घंटा वाजून थांबते. तासाभराने ती बापाला विचारते, 'काही काम होतं का?' बापाला विचारते, मला नाही. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं त्याला काही सुमार असावा.

मी वायर बदलली. भिंतीतली जागा बदलली. लॅपटॉपच्या आतल्या मांडणीत जाऊन एकेक खूण तपासली, वायरीतून सुरू होण्याची परवानगी आहे का, आहे, सुरक्षेचा अडसर आहे का, नाही. पत्ता तर त्याला मिळत होता. म्हणजे त्याची हाक पोचत होती. वायरीच्या पलीकडे कुणीतरी ती ऐकत होतं, आणि ऐकून गप्प बसत होतं. मला हेच कळेना. हाक पोचली नसती तर गोष्ट वेगळी, वायर तुटली म्हणून मोकळं होता आलं असतं. ऐकून गप्प बसणाऱ्याला काय म्हणायचं? त्याचं आपण काय वाकडं केलेलं असतं? तेवढ्यात माझा फोन वाजला. दातांच्या दवाखान्यातली मुलगी. तुमची सहामाही तपासणी राहिली आहे, कधी येताय? पुढच्या आठवड्यात येते म्हणून मी फोन ठेवला. दात माझे नव्हेत. दात नवऱ्याच्या पहिल्या बायकोचे. माझ्या फोनमधला नंबर तिचा आहे, त्यामुळे तिचे दात, तिचं वाचनालय, तिची शिवणयंत्राला तेल घालणारी बाई, असं सगळं मधूनमधून माझ्याकडे येतं. पहिल्यांदा मी दवाखान्याला खरं काय ते सांगायला गेले, तर पलीकडची मुलगी रडवेली झाली, माझी माफी मागू लागली, आणि पुढच्या सहा महिन्यांनी दुसऱ्या मुलीने पुन्हा फोन केला. तेव्हापासून मी येते म्हणून सांगते.

नंबरची गोष्ट साधी होती. माझा जुना नंबर जुन्या कंपनीचा, नोकरी सोडताना तो त्यांना परत दिला. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी नवा घ्यायला निघाले तर नवऱ्याने खणातून एका काडेपेटीत जपून ठेवलेलं सिमकार्ड काढलं. चालू आहे, म्हणाला. गॅसवाला, दूधवाला, इमारतीचा पहारेकरी, बँक, सगळीकडे हाच घातलाय, कुठे बदलत बसायचं? त्याच्या आवाजात कसलाही कढ नव्हता. तो कुठलीच गोष्ट टाकत नाही, त्याच्याकडे तुटलेल्या कंपासपेट्याही ठेवलेल्या आहेत. आणि मलाही त्यात काही वाटलं नाही. स्वयंपाकघरातली भांडी तिची होती, पडदे तिने शिवलेले होते, मग नंबरानेच काय घोडं मारलं होतं. दुसरपणाच्या घरात कुठे कुठे म्हणून नाक मुरडणार. मी उलट मनात म्हटलं की या घरात मी आयती बसले आहे तर निदान कुरकुर तरी करू नये.

दुसरा बाजूला ठेवून मी तिसरा खोक्यातून काढला. डाँगल लावलं, वायर खोचली, बटण दाबलं. तीन ओळी, आणि नाही. तेव्हा मात्र डोकं फिरलं. मी साडेनऊला ज्याने ऐकलं होतं तो पहिला पुन्हा समोर घेतला. त्याच्यावर त्या वेळी माझा केवढा विश्वास होता हे आता सांगायला लाज वाटते. पहिल्यानेही नाही म्हटलं. सकाळी जो हाकेला ओ देत होता तोच आता ओळख दाखवेना, म्हणजे बिघाड यंत्रात नव्हता, सकाळ आणि आत्ता यांच्यामध्ये कुठेतरी होता. मधल्या वेळात मी काय केलं? काहीच नाही. चहा प्यायले. याच प्रश्नापाशी मी दहा महिने अडकले आहे हे मला एकदम जाणवलं, कारण बुटकीनेही एकदा फोन उचलला होता. फक्त एकदा. पहिल्याच रविवारी.

ते मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. एकच घंटा वाजली होती. निम्मीसुद्धा नसेल. तिने इतक्या घाईने उचलला की काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, आणि ती म्हणाली, "आई?" मी स्वयंपाकघरात उभी होते, हातात टॉवेल होता. एक्केचाळीस वर्षांत मला कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती, आता कुणी मारेल असंही वाटलं नव्हतं, आणि या पोरीने, मागितलं नसताना, पहिल्याच फोनला ती मारली. मी म्हटलं, "हो गं, मीच. जेवलीस का?" पलीकडे कुणी श्वास घेतल्यासारखं झालं आणि फोन तुटला. मला वाटलं, रेंज गेली. मी लगेच दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला. नाही. त्यानंतर कधीच नाही. त्या एका शब्दावर मी दहा महिने काढले आहेत. कधी वाटतं ती लाजली. कधी वाटतं, म्हणून गेली आणि पस्तावली. कधी वाटतं मी लगेच जेवणाचं विचारायला नको होतं, काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. रात्री-अपरात्री नाही, भर दुपारी रस्त्याने चालताना मी ते वाक्य फिरवून फिरवून बघते. एवढा गोड शब्द देऊन नंतर माणूस असं दार का लावतं?

दुपारी बाराला स्टोअरकीपर डोकावून गेले. किती झाले, त्यांनी विचारलं. एक, मी म्हटलं. ते म्हणाले, नवीन दिसताहेत सगळे, मग अडतं कुठे? मी म्हटलं तेच तर. त्यांनी डाँगल उचलून हातात फिरवलं, आपण आणलेली वस्तू चांगली निघाल्याच्या कौतुकाने, आणि म्हणाले, हे तर चालतंय ना? चालतंय, मी म्हटलं. चालतच होतं. त्याच्यावरचा हिरवा दिवा डोळे मिचकावत होता. ते गेल्यावर मी शेवटी जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं, सर्व्हरची नोंदवही उघडली. सर्व्हर जे जे करतो ते मुकाट लिहून ठेवत असतो, फक्त कुणीतरी जाऊन वाचायचं असतं. सकाळची पहिली नोंद होती: अनोळखी यंत्र आलं, सगळं पाठवलं, नाव लिहून घेतलं. मग पावणेदहाची. ओळखीचं यंत्र आलं. याच्यासाठी काही काम नाही. रद्द. मग पुन्हा ओळखीचं, रद्द, ओळखीचं, रद्द, पानभर. आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच नाव, पहिल्या लॅपटॉपचं.

मला समजायला वेळ लागला. लागू नये इतका लागला. तिन्ही लॅपटॉप ज्या पत्त्यावरून हाक मारत होते तो सर्व्हरला एकच दिसत होता, कारण तो पत्ता लॅपटॉपचा नव्हताच, डाँगलमध्येच कोरलेला होता. सर्व्हरने सकाळी पहिल्याचं नाव त्या पत्त्यापुढे लिहून घेतलं, आणि नंतर त्या डाँगलातून जो जो कुणी हाक मारेल तो त्याच्या लेखी पहिलाच. त्याला दुसरा दिसलाच नव्हता. तो दुसऱ्याला नाकारत नव्हता. जो येऊन गेला, ज्याचं सगळं होऊन गेलं, तोच पुन्हा दारात का उभा आहे हे न कळून तो गप्प बसत होता. हे मला ठाऊक असायला हवं होतं, पुस्तकात असतं हे, जुन्या कंपनीत लॅपटॉपना स्वतःचं भोक होतं म्हणून कधी वेळ आली नाही एवढंच. इलाज दहा मिनिटांचा होता. सर्व्हरला सांगून ठेवता येतं की या पत्त्यावरून कुणालाच ओळखू नकोस. मग तो लॅपटॉपच्या पोटात कारखान्यात कोरलेला लांबलचक क्रमांक विचारतो, जो ज्याचा त्याचा असतो. पहिल्याची नोंद पुसायचीही गरज नव्हती. ती तशीच ठेवून मी दुसऱ्याचं बटण दाबलं, आणि त्याने चौथी ओळ दाखवली, मग पाचवी, मग नाव विचारणारी चौकट आली. मी नाव घातलं. निळी पट्टी हळूहळू सरकायला लागली. एरवी या वेळी मी उठून चहा घेते. मला उठता येईना. काहीतरी अजून मला नीट कळलं नव्हतं, म्हणजे कळलं होतं, पण ते मनात सरळ उभं राहत नव्हतं.

शाळेची मधली सुट्टी झाली असेल म्हणून मी नवऱ्याला फोन केला. मी विचारलं, मी कुठला नंबर वापरते हे तू तिला सांगितलं होतंस का. कुठला म्हणजे, तो म्हणाला, आपलाच की, घरचाच. मागे मुलांचा कालवा चालला होता. मी म्हटलं, तिच्या फोनमध्ये तो नंबर कोणत्या नावाने असेल? मुलांचा आवाज तेवढा येत राहिला, कुणीतरी कुणाची तरी डबी पळवली होती. मग तो म्हणाला, मला सुचलंच नाही गं. खरंच सुचलं नाही. तो खोटं बोलत नव्हता. मलाही सुचलं नव्हतं, आणि मी तर पोटासाठी हेच करते, कोण कुठल्या पत्त्यावरून हाक मारतंय ते बघते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण माझ्या काखेतला कळसा दर रविवारी अकराला वाजत होता. त्या पोरीचा फोन उजळत होता. त्यावर आई लिहून येत होतं, बहुधा फोटोही येत असेल. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या बाईचा. आणि पहिल्या वेळी तिने धडपडत उचलला, विचारलं, आणि मी म्हटलं, हो गं, मीच.

स्टोअरकीपरचा फोन घ्यावा असं आधी मनात आलं. ते पुन्हा डोकावले होतेच, दिलाही असता. हात पुढे केला आणि थांबले. पुन्हा कुणाच्या तरी नंबरावरून नको. मी पर्स उचलली, पट्टी सरकत होती ती तशीच सोडली आणि जिन्याने खाली उतरून बसथांब्याजवळच्या मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदाराने ओळखपत्र घेतलं, फोटो काढला, चालू व्हायला अर्धा तास लागेल म्हणाला. जुना नंबर याच्यावर आणून देऊ का, तोच चालू राहील, लोकांना सोयीचं पडतं, असंही त्याने आपणहून सुचवलं. मी नको म्हटलं. नवाच हवा, कुणाकडेच नसलेला. जुनं कार्ड काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, चेन ओढली, पुन्हा उघडून ते आहे ना ते बघितलं. अर्धा तास मी बाकावर बसून होते. दोन बस गेल्या. काय बोलायचं ते ठरवत होते आणि एकही वाक्य पहिल्या शब्दाच्या पुढे जाईना, कारण पहिला शब्द 'मी' होता आणि मी तिची कोण ते कुठल्याच नोंदवहीत लिहिलेलं नव्हतं.

चार घंटा वाजल्या. "हॅलो, कोण?" आवाज जाडसर होता, झोपून उठल्यासारखा. मला तो ओळखूही आला नसता.

मी म्हटलं, "तुझ्या बाबांची बायको बोलतेय. फोन ठेवू नकोस. आईच्या नंबरवरून इतके दिवस मी फोन करत होते. तुझ्याकडे तो कसा दिसत असेल ते मला आज कळलं. आज सकाळपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं."

तिने फोन ठेवला नाही. पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता, तो तिने बंद केला असावा.

"त्या दिवशी तुम्ही 'हो' म्हणालात," ती म्हणाली.

"हो."

"'हो गं, मीच' म्हणालात. 'जेवलीस का' म्हणालात. आईही फोनवर पहिलं तेच विचारायची. मला अर्धं मिनिट खरं वाटलं. मग मी वेड्यासारखी आडवी पडून होते दिवसभर. बाबांना विचारायचीही भीती वाटली, की तेही हो म्हणतील. आठवड्याने त्यांनी आपणहून सांगितलं, रविवारी अकराला ती करते तुला फोन, घेत जा. तेव्हा मला कळलं कोण ते. पण तरी तो फोन वाजला की..."

मला वाटलं तू मला हाक मारलीस, असं मला सांगायचं होतं. तेवढं सांगून मोकळं व्हायची फार इच्छा झाली. मी ते गिळलं. तो शब्द माझा नव्हता आणि दहा महिने मी तो उशाशी घेऊन झोपत होते हे तिच्या डोक्यावर कशाला घालायचं? मी एवढंच म्हटलं की चूक माझी आहे, मी तो नंबर काढून ठेवला आहे, उद्या बंद करून टाकते.

"बंद नका करू," ती पटकन म्हणाली. "असू दे. पैसे भरत जा त्याचे. फक्त त्याच्यावरून मला करू नका." मग वेगळ्या आवाजात, "हा तुमचा आहे? हाच राहणार आहे?"

हाच राहणार, मी म्हटलं.

"थांबा, टाकून ठेवते." बोटांची टकटक ऐकू आली आणि थांबली. नावाच्या चौकटीपाशी ती थांबली असणार. रिकामी ठेवून पुढे जाता येत नाही तिथे. मी बाकाची कड धरली. मी काही सुचवलं असतं तर तिने ते टाकलं असतं, ती तशी सभ्य आहे. मी काहीच सुचवलं नाही.

"बाबा म्हणाले होते तुम्ही लिफ्टच्या कंपनीत आहात," ती म्हणाली. "लिफ्टवाल्या बाई, असं टाकते सध्या. चालेल?"

चालेल, मी म्हटलं. मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, आणि यातलं तिला काय ऐकू गेलं कोण जाणे. मी तिला सांगितलं की आमच्या कंपनीतले सगळे जिन्याने जातात. ती हसली नाही, पण नाकातून थोडा वारा सोडल्यासारखा आवाज आला. मग म्हणाली, शिवणयंत्र जड आहे, शनिवारी टेम्पोत चढवायला दोघं लागतील, बाबांची कंबर धड नाही. मी येईन खाली, मी म्हटलं. आणि मला राहवलं नाही, किल्लीचं विचारलं.

"किल्लीचं शनिवारी बघू," ती म्हणाली. "आत्ता क्लास आहे." आणि फोन ठेवला.

मी जिन्याने वर आले. दुसरा भरून झाला होता. स्टोअरकीपर त्याच्या शेजारी उभे राहून पडदा न्याहाळत होते, आणि मी आत आल्याबरोबर त्यांनी विचारलं, आणखी एक डाँगल मागवायचं का? नको, मी म्हटलं, एक पुरतं, आणि डाँगल काढून तिसऱ्याला लावलं. अजून दहा राहिले होते. मी फोन टेबलावर उताणा ठेवला. त्याचा नंबर मलाच अजून पाठ नव्हता, म्हणून एका चिठ्ठीवर लिहून तो पडद्याच्या कडेला चिकटवला.